मान कोणाचा – गळ्याचा कीं पदराचा ?

कलावंताच्या कलेचा आस्वाद घेतांना त्याच्या शीलाची चौकशी करावी कीं नाहीं, हा वाद जुनाच आहे. वाद घालणारे बहुधा एखादा नामांकित कवि किंवा चित्रकार पुढें घेऊन बसतात, आणि शेवटीं 'कृति तेवढी घ्यावी, बाकीचें सोडून द्यावें' असा समजूतदार निकाल देऊन पानसुपारीला उठतात. परंतु तोच कलावंत स्त्री असला म्हणजे ही उदारता कोठें जाते, हें क्वचितच कोणी विचारतो. तेथें आपण कृति मागाहून पाहतों. आधीं दाखला मागतों. हा दाखला मागण्याचा हक्क आपणांस कोणीं दिला, एवढाच प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

निमित्त सुलोचनाबाई चव्हाण यांचें. १३ मार्च १९३३ रोजीं मुंबईस त्यांचा जन्म झाला, आणि १० डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईसच त्यांनीं देह ठेवला. माहेरचें आडनांव कदम. लहानपणीं मेळ्यांतून गाणें, नंतर कोवळ्या वयांतच हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन, आणि पुढें मराठी लावणी, असा त्यांचा प्रवास झाला. गुरूपुढें गंडा बांधून त्या शिकल्या नाहींत; तबकड्या ऐकून त्यांचा गळा तयार झाला. पति श्यामराव चव्हाण हे चित्रपटदिग्दर्शक. शब्द कोठें तोडावा आणि ठसका कोठें द्यावा हें आपण त्यांच्यापासून शिकलों, असें बाई सांगत. 'रंगल्या रात्री अशा' (१९६२), 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'मल्हारी मार्तंड' (१९६५) या बोलपटांनीं त्यांचा आवाज घरोघर नेला. आचार्य अत्रे यांनीं त्यांस 'लावणीसम्राज्ञी' म्हटलें, आणि २०२२ सालीं सरकारनें पद्मश्री दिली. आजच्या भाषेंत ज्यास लोकप्रिय गायिका म्हणून तारकापद म्हणतात, तें या बाईंनीं केवळ आवाजावर मिळविलें. पडद्यावर नाचणारी व्यक्ति सदैव दुसरीच असे.

मुंबईचा हा आवाज मुंबईंतच राहिला नाहीं. सावित्रीच्या कांठानें महाडच्या खालीं उतरलें म्हणजे खाडीपट्ट्यांत तुडील नांवाचें गांव लागतें. या बाजूचें स्वतःचें करमणुकीचें साधन म्हणजे जाखडी आणि शक्तितुरा. ढोलकीचा फड हा घाटावरचा. परंतु महाड-पोलादपुराकडील घरांचा एक पाय नेहमींच मुंबईंत राहिला आहे. भाताच्या खाचरांवर वर्ष निघत नाहीं, म्हणून कर्ता पुरुष चाकरीला जावयाचा आणि गणपतीला परत यावयाचा. अशा चाकरमान्यांच्या ट्रंकांतून कोंकणच्या खेड्यांत तबकड्या आल्या, मागाहून रेडिओ आला. फडाच्या कनातींत पाऊल टाकणें ज्या घरच्या बायकांस स्वप्नांतही शक्य नव्हतें, त्या घरांच्या ओटीवर लावणी वाजूं लागली. गाणें उंबऱ्याच्या आंत आलें. गाणें नाचून दाखविणारी मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. तुडीलसारख्या गांवाच्या ओटीवर उभें राहिलें म्हणजे आमचा प्रश्न अगदीं उघडा दिसतो.

सुलोचनाबाईंच्या निधनानंतर जे लेख आले व जीं भाषणें झालीं, त्यांत एक गोष्ट हटकून आढळे. बाई व्यासपीठावर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हातवारे न करितां उभ्या राहत व शृंगाराची लावणी गात. हें खरेंच आहे, आणि त्यांत कलेचा मोठा गुणही आहे. जो भाव डोळ्यांनीं, कंबरेनें आणि चाळांनीं दाखविण्याची परंपरा आहे, तो केवळ शब्दाच्या फेकींतून उभा करणें ही सामान्य सिद्धि नव्हे. संयम हा तेथें अलंकार झाला आहे. एवढ्यावर स्तुति थांबली असती तर आमची तक्रार नव्हती.

परंतु स्तुति तेथें थांबत नाहीं. 'लावणी गात, तरी पदर ढळूं दिला नाहीं' असें आपण म्हणतों, आणि त्या 'तरी' या एका अव्ययांत सारें पोट उघडें पडतें. लावणी गाणें हा जणूं अपराध, व पदर ही त्याची भरपाई ! आतां पहा : या लावण्यांपैकीं कित्येक जगदीश खेबुडकरांच्या. खेबुडकर हे पेशानें शिक्षक. शृंगाराचा प्रत्येक शब्द त्यांच्या लेखणींतून उतरला. पण 'लावण्या लिहीत, तरी उपरणें नीट घेत' असें त्यांच्याविषयीं कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. रामजोशी व होनाजी यांच्या लावण्यांवर तर पदव्यांसाठीं प्रबंध होतात. लिहिणारा रसिक, ऐकणारा रसिक, आणि मध्यें जिचा गळा झिजला ती मात्र संशयित, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रांतला ?

आमचें मत असें आहे कीं, पदराची ही स्तुति वस्तुतः गायिकेची नसून ऐकणाऱ्याची स्वतःचीच असते. गाणें आपणांस हवें असतें. परंतु तें हवें असल्याची थोडी लाजही वाटते. गाणारीचा पदर पाहिला म्हणजे ती लाज निवते, आणि आपल्या सुखाला सभ्यतेची मोहोर लागते. बाईंनीं पदर आपल्या वळणानें घेतला. त्यांस त्यांत बोल नाहीं. बोल आहे तो आपणांस, कारण त्या पदराचें आपण इतरांवर उगारण्याचें हत्यार केलें.

तें हत्यार कोणावर पडलें हें पहावयाचें तर नारायणगांवच्या विठाबाईंकडे वळावें. १९३५ सालीं पंढरपुरास जन्मलेल्या या बाई भाऊ-बापू मांग नारायणगांवकर यांच्या फडांत वाढल्या. त्या गात, नाचत, वग उभा करीत, आणि पुढें फडही त्यांनींच चालविला. दिवस भरलेले असतां त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, पडद्यामागें प्रसूत झाल्या आणि पुन्हा लोकांपुढें आल्या, ही कथा महाराष्ट्रांत सर्वत्र सांगतात. सांगतांना आपण कौतुकानें मान डोलावतों. पण तशा स्थितींत त्या बाईस खेळ बंद कां ठेवतां आला नाहीं, हें विचारीत नाहीं. १९५७ आणि १९९० या दोन्ही सालीं त्यांस राष्ट्रपतींच्या हस्तें सन्मान मिळाला. जानेवारी २००२ मध्यें त्या वारल्या, तेव्हां शेवटच्या दुखण्याच्या खर्चासाठीं वर्गणीकडे पाहण्याची पाळी आलेली होती. आज त्यांच्याच नांवें महाराष्ट्र सरकार जीवनगौरव पुरस्कार देतें. हयातींत औषध नाहीं आणि मागाहून पुरस्कार, हा आपला नेहमींचा क्रम आहे.

येथें एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो तुडीलपासून फार दूर नसलेल्या महाडच्याच इतिहासांतून येतो. १६ जून १९३६ रोजीं परळच्या दामोदर हॉलांत डॉ. आंबेडकरांनीं मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांस हें जिणें सोडून देण्याचें कळकळीचें आवाहन केलें होतें. मग सोंवळ्या लोकांचा आक्षेप आणि बाबासाहेबांचा आक्षेप एकच नव्हे काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. सोंवळा मनुष्य खेळ पाहून घेतो आणि बाईस नांवें ठेवितो. बाबासाहेबांचा रोख, जन्मानेंच एका जातीच्या मुलीच्या पायांत दुसऱ्यांच्या सुखाचे चाळ बांधणाऱ्या व्यवस्थेवर होता. पहिला दोष देतो तो बाईस. दुसरा मार्ग दाखवितो तो बाईस, आणि दोष देतो तो समाजास. दोघांचे शब्द कधीं सारखे वाटले, तरी त्यांची तोंडें विरुद्ध दिशांस आहेत.

याच महाडास १९२७ च्या डिसेंबरांत, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या पर्वांत, बाबासाहेबांनीं अस्पृश्य स्त्रियांपुढें भाषण केलें होतें. लुगडें वरिष्ठ वर्गाच्या स्त्रियांप्रमाणें नेसा, जातीची खूण पटविणारे ओझ्यासारखे दागिने टाकून द्या, असें त्यांनीं सांगितलें, आणि बायकांनीं तें ऐकलें. तेथेंही प्रश्न वस्त्राचाच होता. पण अर्थ किती निराळा! त्या बायकांनीं नेसण्याची रीत बदलली ती आपला अधिकार म्हणून, कोणाची परवानगी मिळावी म्हणून नव्हे. पदर स्त्रीच्या स्वतःच्या हातीं असला म्हणजे तो अधिकार होतो. पाहणाऱ्याच्या हातीं गेला कीं तोच पदर जकात होतो. आपण सुलोचनाबाईंच्या पदराचा गौरव करितांना ही जकात वसूल करितों, आणि विठाबाईंस ती भरतां आली नाहीं म्हणून त्यांस नाक्याबाहेर उभें ठेवितों.

मग मान द्यावा कशाला ? आमचें उत्तर साधें आहे : कामाला. सुलोचनाबाईंच्या शब्दफेकीला, विठाबाईंच्या उभ्या आयुष्याच्या कष्टांना. आणि मान म्हणजे केवळ शाल-श्रीफळ नव्हे. ठरलेलें मानधन वेळेवर, आजारपणीं औषध, आणि खेळ नको असेल त्या दिवशीं 'नको' म्हणण्याची मोकळीक, हा मानाचा खरा भाग होय. ज्या समाजास एवढें देतां येत नाहीं, त्यानें शीलाच्या गोष्टी बोलूं नयेत. कारण दुसऱ्याच्या अडचणीवर आपलें सुख उभारणें हेंच मुळीं शीलाला सोडून आहे.

तुडीलच्या ओटीवर आज तबकडी नाहीं; गाणें आतां ज्याच्या त्याच्या हातांतील मोबाइलांत आहे, आणि गाणाऱ्या मुलीही रोज नव्या येतात. त्यांचे कपडे पाहून त्यांच्या गळ्याची किंमत ठरविण्याचा खेळ मात्र जुनाच चालू आहे. सुलोचनाबाईंचें एखादें गाणें पुन्हा ऐकावें, मनसोक्त डोलावें, आणि तें संपल्यावर आपल्या तोंडीं तो 'तरी' येतो कीं काय, हें ज्याचें त्यानें पहावें. तो येईनासा होईल तेव्हां उंबऱ्याबाहेर ताटकळलेल्या बाईस आपण घरांत घेतलें, असें म्हणतां येईल.