‘चालेल’ आणि ‘थांबेल’

घोलवड स्टेशनहून बोर्डीकडे जाताना एका चिकूवाडीच्या कुंपणाला लागून एक लहानसे गॅरेज आहे. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी पडलेली माती, भिंतीला टांगलेले पाने आणि जुने टायर. ते चालवणारा तरुण कधी काळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. जवळच्याच वारली पाड्यावरचा. आज त्याला सारे ‘मिस्त्री’ म्हणतात, मीही म्हणतो. तो मात्र मला अजून ‘सर’च म्हणतो.

माझी मारुती ८०० मी २००३ साली भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून घेतली. तिची पाटी एमएच-०४, म्हणजे ठाण्याची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, आम्ही पालघरकर झालो, गाडी ठाणेकरच राहिली. त्याच वर्षीच्या जानेवारीत कंपनीने हे मॉडेल बनवणे बंद केले. २०१८ मध्ये गाडीची पंधरा वर्षे भरली तेव्हा नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, २०२३ मध्ये पुन्हा एकदा. मुलगा म्हणतो, “अब्बा, आता काढा ही.” मी म्हणतो, “चालतेय ना?”

चालते, कारण वर्षातून दोनदा ती या गॅरेजमध्ये जाते. एकदा पावसाळ्याआधी, एकदा पावसाळा सरल्यावर. ऑइल आणि फिल्टर बदलणे, प्लग साफ करणे, कूलंट पाहणे, बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी काढणे, चाके उघडून ब्रेक तपासणे. आमच्याकडे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खारा वारा पत्र्याला आधी फुगवतो आणि मग खातो. ब्रेक ऑइलचा स्वभावही असा, की ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते आणि आतून पाइपांना, सिलिंडरला गंज चढवते. हे सारे दिसत नाही. म्हणूनच वेळच्या वेळी उघडून पाहावे लागते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता मी अशीच गाडी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचणीला नात्यातल्या एका मुलीचा निकाह होता. दुपारी मिस्त्रीने मागचे डावे चाक उघडले आणि मला जवळ बोलावले. व्हील सिलिंडरमधला रबरी वायसर खलास झाला होता. ऑइल झिरपून ब्रेकच्या लायनरवर पसरले होते.

“किट वापीहून मागवावं लागेल, सर. उद्या संध्याकाळपर्यंत येईल.”

“उद्या सकाळी मला चिंचणीला जायचंय. तेवढं चालेल ना?”

तो हात पुसत क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “चालायला काय सर, चालेल. थांबेल का, ते मी सांगू शकत नाही.”

मी हसलो. त्याला वाटले असावे, सरांना कळले. मला वाटले, पोराने चांगली कोटी केली. मी झालेल्या कामाचे पैसे पुढे केले, तर त्याने घेतले नाहीत. “आज नको. पैसे घेतले तर काम झालं असं होईल. काम झालेलं नाही.” किल्ली मात्र त्याने माझ्या हातात दिली. गाडी माझी होती. किल्ली अडवून धरावी इतका अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटले नसेल. मी त्याचा मास्तर होतो ना!

सकाळी मी निघालो. बिस्मिल्लाह म्हटले, हळूच चालवायचे ठरवले. चिखले, नरपड करत डहाणूकडे जाणारा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की एका बाजूला सुरूची झाडे आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला वाड्या. पदपथ नावाची गोष्ट नाही. शाळेची मुले, लाकडाची मोळी घेतलेल्या बाया, सायकलवाले, शेळ्या, सारे रस्त्याच्या कडेनेच जातात. एका वळणावर सात-आठ वर्षांची एक मुलगी शेळीचा दोर धरून रस्ता ओलांडायच्या बेतात उभी होती. मी ब्रेक दाबला. पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेले. गाडी मंदावली, पण थांबली नाही. मुलीने गाडीकडे पाहिले, दोर ओढला आणि ती मागे सरली. मी तिच्यापासून चार हातांवरून पुढे गेलो.

बस, एवढेच. काही झाले नाही. चिंचणीला पोहोचलो, निकाह झाला, बिर्याणी खाल्ली, संध्याकाळी त्याहून सावकाश परतलो. रात्री गाडी गॅरेजमध्ये सोडली. दुसऱ्या दिवशी किट बसले, मिस्त्रीने तेव्हा पैसे घेतले.

हा लेख त्या ‘काही झाले नाही’विषयी आहे.

ही हकिकत मी दोन-चार मित्रांना सांगितली. सर्वांचे म्हणणे एकच पडले, “अल्हम्दुलिल्लाह, काही झालं नाही ना? मग झालं तर!” माझेही मन सुरुवातीला हेच म्हणत होते. पण त्या रस्त्याच्या त्या वळणावर त्या दिवशी ब्रेक कोणी लावला? मी नाही. त्या मुलीने लावला. तिने दोर ओढला नसता, किंवा शेळी एक पाऊल पुढे गेली असती, तर माझे आजचे नाव काय असते? मी तोच माणूस असतो. तीच गाडी, तोच झिरपणारा सिलिंडर, तोच आदल्या दिवशीचा निर्णय. फरक फक्त एका लहान मुलीच्या प्रसंगावधानाचा. मग माझे चांगले असणे तिच्या मुठीतल्या दोरावर अवलंबून होते काय?

पुढे वाचताना मला कळले, की हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वचिंतकांनी ‘नैतिक नशीब’ या विषयावर चर्चा केली. नेगेल यांनी त्यात जे उदाहरण घेतले ते वाचून मी दचकलो. एक ट्रकचालक आहे, त्याने ब्रेक तपासून घेण्यात हयगय केली आहे. एखादे मूल आडवे आले आणि गेले, तर तो स्वतःला आयुष्यभर दोष देत राहील. मूल आडवे आलेच नाही, तर तीच हयगय किरकोळ ठरते. मूल येणे किंवा न येणे त्याच्या हातात नव्हते. हयगय तेवढी त्याच्या हातात होती. आणि तरीही आपण माणसाला तोलतो ते जे त्याच्या हातात नव्हते त्यावरून.

कायदाही काहीसा तसाच वागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार, आपल्याला माहीत असलेला, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन रस्त्यावर आणणे हाच गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोष एकच, शिक्षा परिणामाप्रमाणे. तरी या कलमात एक मोठी गोष्ट आहे. काहीही न घडताही तुम्ही अपराधी असू शकता, हे ते मान्य करते. माझ्या मित्रांनी जे मान्य केले नाही ते कायद्याने केले.

आपल्या घरांत अशा वेळी आणखी एक आधार घेतला जातो, नियतीचा. दैव या अर्थाने नव्हे. नियत, म्हणजे हेतू. कर्माची पारख नियतीवरून होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझी नियत काय वाईट होती? लग्नाला जायचे होते. कुणाला इजा करायची नव्हती. हे खरे आहे. पण नियत म्हणजे केवळ ‘वाईट व्हावे असे वाटत नव्हते’ एवढेच असेल, तर जगातले बहुतेक अपघात निष्पाप माणसांनी केलेले ठरतील. मला त्या मुलीचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. अडचण अशी, की आदल्या दिवशी निर्णय घेताना ती माझ्या मनात नव्हतीच. मनात होते ते माझे सकाळचे निघणे. जिचा विचारच केला नाही, तिच्याविषयी माझी नियत चांगली होती असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

दुसरा आधार तवक्कलचा. अल्लाहवर भरवसा ठेवून निघालो होतो, असे मीही स्वतःला सांगून पाहिले. पण उंटाची गोष्ट आपल्यातल्या कोणाला ठाऊक नाही? उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी बांधायला सांगितले, मग भरवसा ठेवायला. इमाम गझाली यांनीही तवक्कलविषयी लिहिताना हेच समजावले आहे. समोर अन्न असताना हात न हलवता पोट भरण्याची वाट पाहणे हा तवक्कल नव्हे, तो वेडेपणा आहे. माझा उंट सुटलेला होता, आणि तो सुटलेला आहे हे मला सांगितले गेले होते. त्यावर म्हटलेल्या बिस्मिल्लाहमागे भरवसा कमी आणि आळस जास्त होता.

इथे कुणी विचारेल, की हा सारा विचार ज्यांना परवडतो त्यांचा. चिकूचे क्रेट घेऊन पहाटे निघणाऱ्या टेम्पोवाल्याने काय करावे? एक दिवस टेम्पो उभा राहिला तर त्या दिवसाची भाकर गेली. प्रश्न रास्त आहे. जुन्या वाहनाचा खर्चही वाढत चालला आहे. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क २०२५ पासून दहा हजार रुपये झाले, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेल्यापासून जुन्या गाड्यांचे रबरी भाग लवकर बदलावे लागण्याची चिंता आहे. टेम्पोवाल्याचा ‘चालेल’ आणि माझा ‘चालेल’ यांत फरक आहे. त्याच्यामागे गरज असते. माझ्यामागे सोय होती. मी रिक्षाने डहाणूला जाऊन पुढची बस पकडू शकलो असतो. गरजेने माणसाचा दोष कमी होतो हे मी मानतो. पण रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मुलीचा धोका त्याने तसूभरही कमी होत नाही. तिला टेम्पो आणि मोटार सारखीच.

म्हणजे जुनी गाडी ठेवूच नये काय? मला तसे वाटत नाही. आमच्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो चिकू देणारी कितीतरी झाडे आमच्या आजोबांच्या वेळची आहेत. वय झाले म्हणून कुणी चिकूचे झाड तोडत नाही. आळे करतो, खत घालतो, वाळकी फांदी काढतो, कीड पाहतो. ज्या वर्षी हे केले नाही त्या वर्षी झाड काही मरत नाही. म्हणूनच न करण्याचा मोह होतो. देखभाल या कामाचा हाच शाप आहे. ते नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि जे घडलेच नाही त्याचे श्रेय कोणाला द्यायचे? बंद पडलेली गाडी चालू करणाऱ्याला आपण दुवा देतो. ती बंद पडू न देणाऱ्याशी बिलावरून घासाघीस करतो.

हे केवळ मोटारीपुरते नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने नदीत गेली, अनेक जीव गेले. त्याच वर्षी पुलाची पाहणी होऊन धोका नसल्याचे सांगितले गेले होते, हे नंतर समोर आले. कुणाचीही नियत वाईट नसेल. पण पाहणी करताना विचारायचा प्रश्न ‘पूल उभा आहे ना?’ हा नव्हता. त्या रात्री त्यावरून जे कोणी जातील त्यांचे काय, हा होता.

आता मला त्या दुपारचे मिस्त्रीचे गप्प राहणे समजते. रस्त्याच्या कडेने कोण चालते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. त्याच्या पाड्यावरची मुले त्याच रस्त्याने शाळेत जातात. आम्ही काचेच्या आतून रस्ता पाहतो. तो बाहेरून पाहत मोठा झाला. ‘थांबेल का, ते मी सांगू शकत नाही’ ही कोटी नव्हती. त्याला जेवढे सांगता येत होते तेवढे त्याने मास्तरांना सांगितले होते, आणि पैसे नाकारून स्वतःचा हिशेब साफ ठेवला होता. अमानत हा शब्द आम्ही ठेवीसाठी, उसनवारीसाठी वापरतो. त्या दिवशी माझ्याकडे जी अमानत होती ती गाडी नव्हती. त्या रस्त्यावरचा प्रत्येक पायी चालणारा होता.

काही महिन्यांनी मी त्याला त्या मुलीची हकिकत सांगितली. तो काही बोलला नाही. बॉनेट उघडून त्याने ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. मग म्हणाला, “सर, पुढच्या वेळी दोन दिवस आधी आणा. सामान यायला वेळ लागतो.”

तेव्हापासून मी दोन दिवस आधी नेतो. आणि मागचे चाक उघडले की ‘चालेल ना?’ असे विचारत नाही. ‘थांबेल ना?’ असे विचारतो.