देव बोचक्यात असतो तेव्हा

स्कॉटलंडमध्ये ग्लेन लायनच्या वरच्या अंगाला, एका आडदरीत, ठेंगणं दगडी घरकुल आहे. आत ओढ्याच्या पाण्यानं घडवलेल्या दगडांचं कुटुंब: म्हातारी (ही कॅल्याख नावाची देवी), म्हातारा, लेक. मे लागताना त्यांना बाहेर काढून दाराशी मांडतात, नोव्हेंबर लागताना आत ठेवून दार बुजवतात. मग हिवाळाभर ती देवी कुठं असते?

हे वेळापत्रक गुरांचं आहे. उन्हाळ्यात तिथली माणसं गुरं घेऊन डोंगरावर चढत. बायका-पोरं शीलिंग नावाच्या झोपड्यांत राहून लोणी, चीज करत. ते घरकुलही शीलिंगच्याच घाटाचं. जवळच्या बेन लॉअर्सच्या उतारावर १९९६ ते २००५ या काळात पुरातत्त्वज्ञांनी अशा झोपड्या खणल्या. अशा जागी हाती फार थोडं लागतं: चूल, मातीच्या भिंतीचा पाया, चार खापरं. पण शेणामुतावर वाढलेलं गवत अजून हिरवंगार असतं, वस्ती लांबून ओळखू येते. मी धनगराच्या घरातली. मेंढरं बसवलेलं रान पुढच्या साली कसं उठून दिसतं, हे मला कुणी सांगायला नको.

दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे माणसा-मेंढरांचा फिरता तळ, कोकणात उतरायचा. आजी मुक्कामाला देव मांडायची, भंडारा लावायची, निघताना बोचक्यात बांधायची. देव बांधला म्हणून देऊळ मोडलं, असं तिला कधी वाटलं नाही. म्हणून हिवाळाभर देवी कुठं असते, हा प्रश्न मला घर बांधून राहणाऱ्यांचा वाटतो. त्यांचा देव जागेला धरून असतो. फिरत्यांचा देव पाळी धरून येतो. आषाढीला निजून कार्तिकीला उठणाऱ्या विष्णूला तरी आपण कुठं विचारतो, चार महिने कुठं होतास?

त्या दगडांची प्रथा हजारो वर्षांची आहे, असं कौतुकानं सांगतात. गुळगुळीत दगड स्वतःचं वय सांगत नाही, आणि श्रद्धेला त्या वयाची गरजही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या मेंढीपालनानं शीलिंगची राहणी संपवत आणली. गुरं चढायची थांबली तरी कुणीतरी मे महिन्यात ते दार उघडत राहिलं, माझ्या लेखी भक्ती ती हीच.

आपल्याकडे इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याभोवतीच्या शेंदरी दगडांपासून गुराख्यांच्या जुन्या वाटांपर्यंत पोचले. १९६२च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त ते आहे. त्यांनी वाट नोंदवली. आता प्रत्येक दगडासमोर महिनाही लिहायला हवा. कोणता वाडा कधी थांबतो, नारळ कोण फोडतं, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना आत्ताच विचारलं पाहिजे.