भावाचा हात

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. एका काठावर परवान्याने विकला जाणारा माल दुसऱ्या काठावर गुन्हा ठरतो. असा चोरटा धंदा पुष्कळदा घराचाच होतो. बाप माल आणतो, थोरला गाडी चालवतो, आई दार लावून घेते.

समजा, धाकट्याला हे सलते. त्याने काय करावे? बोलला तर घरभेदी, गप्प राहिला तर भागीदार.

कायदाही नाते थोडेसे ओळखतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ प्रमाणे गुन्हेगाराला आसरा देणे गुन्हा आहे. सूट फक्त पती-पत्नीला, आईला किंवा भावाला नाही. सूरह निसा (आयत १३५) तर आईबापांविरुद्धही खरी साक्ष द्यायला सांगते.

मग नाते तोडायचे? आम्हाला तसे वाटत नाही. जालिम भावालाही मदत करा, म्हणजे त्याचा हात धरा, असे हदीस शिकवते. हात घरच्यांनीच आधी धरावा. ती वेळ गेली तर खरे बोलावे, आणि तुरुंगात भेटायलाही आपणच जावे.

आम्ही मात्र त्या घरची दावत जेवतो, चंदा घेतो आणि बोलणाऱ्या धाकट्यालाच घरभेदी म्हणतो. तो शब्द आधी आम्ही मागे घ्यायला हवा.