श्वेतकेतूचा उपास आणि मनाचे औषध

मनाच्या आजारावर गोळी घेणे हा श्रद्धेचा पराभव आहे का? हा प्रश्न उघड विचारला जात नाही, पण कित्येक घरांत त्याचे उत्तर 'हो' असे धरूनच वागले जाते. मधुमेहाला औषध, हृदयाला औषध; खिन्नतेला मात्र ‘मन खंबीर कर, नाम घे’ एवढाच सल्ला. मन हे पदार्थाच्या पलीकडचे आहे, त्याला औषधाचा आधार लागणे कमीपणाचे, असे त्यामागचे गृहीतक. विज्ञानाला ते मान्य नाही, यात नवे काही नाही. माझे म्हणणे असे, की ते आपल्या दर्शनांनाही मान्य नाही.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांची दोन धडधडती हृदये वेगवेगळी ठेवली. पहिल्याच्या व्हेगस मज्जातंतूला विजेने चेतवल्यावर त्याचे ठोके मंदावले. मग त्यातले द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. निरोप पोचवला होता एका पदार्थाने. पुढे तो असिटिलकोलीन ठरला. मज्जापेशी बहुतेक ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये साधारण २० नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. विजेचा संदेश टोकाशी आला की कॅल्शियम आत शिरते, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फटीत रिकाम्या होतात आणि ते रेणू पलीकडच्या पेशीला चेतवतात किंवा आवरतात. स्मरण, भीती, झोप, उमेद या साऱ्यांना याच वाटेने जावे लागते.

हे किती खोलवर जाते, याचा दाखला सर्पगंधा या औषधी वनस्पतीने दिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. तिच्यातले रेसर्पिन मज्जापेशींमधला डोपामिन, सेरोटोनिन यांचा साठा संपवते. स्वीडनचे अर्विद कार्ल्सन यांनी १९५७ च्या सुमारास ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले. ज्यापासून शरीर डोपामिन बनवते ते एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात पुन्हा हालू लागले. आता छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय आठवावा. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहायला सांगतो आणि मग वेद म्हणायला लावतो. त्याला काहीच आठवत नाही. जेवल्यावर सगळे आठवते. काढून घेतले की शक्ती जाते, परत दिले की येते. सिद्ध करण्याची रीत दोन्हीकडे एकच. मन अन्नमय आहे, हा उद्दालकाचा निष्कर्ष. यात आधुनिक शोधाची चाहूल पाहण्याचा मोह टाळलेला बरा, कारण उद्दालकाला मज्जापेशी ठाऊक नव्हत्या. पण मन पदार्थाचे आहे असे म्हणताना तो कचरला नाही. सांख्यांनी तर बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही जड प्रकृतीतच धरली.

यावर चार्वाक विचारेल, मग चैतन्य तरी निराळे कशाला? मद्याच्या घटकांतून जशी नशा, तसे देहातून चैतन्य. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याला उत्तर दिले आहे: दिवा असला तर दिसते, नसला तर दिसत नाही, म्हणून पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही. एखाद्या गोष्टीवर अवलंबून असणे म्हणजे तीच असणे नव्हे, एवढे यातून सिद्ध होते. आत्मा आहे, हे सिद्ध होत नाही, असे मला वाटते. लोवींच्या प्रयोगानेही हा वाद कोणत्याच बाजूने मिटत नाही. औषधाचा निर्णय घ्यायला तो मिटावाही लागत नाही, कारण साक्षी आत्मा मानणारा वेदान्तीही मनाला आत्मा म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सारे रसायनच असेल तर साधनेला, जबाबदारीला अर्थ काय उरला? एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर केलेल्या कामात याचे उत्तर आहे. तिला दिलेली शिकवण दीर्घकाळ टिकली, तेव्हा मज्जापेशींमधले जोड प्रत्यक्ष वाढलेले आढळले. म्हणजे अभ्यासही याच जोडांवर उमटतो. जप करणाऱ्याचे चित्त स्थिरावते ते याच पेशींच्या साहाय्याने; तिथे साधना आणि औषध एकमेकांचे वैरी नाहीत. ‘खिन्नता म्हणजे सेरोटोनिनची कमतरता’ हे समीकरण मात्र पुराव्यावर टिकत नाही. कर्ज, एकटेपणा, शोक यांचाही त्या आजारात वाटा असतो आणि गोळीने कर्ज फिटत नाही. पण म्हणून गोळी निरुपयोगी ठरत नाही, आणि ती घेणारा दुबळा तर मुळीच ठरत नाही.

घरातल्या कुणाला मानसोपचारतज्ज्ञाने औषध दिले असेल, तर देवाचे नाव पुढे करून ते बंद करायला लावू नका. नाम घ्यायचेच असेल, तर त्याने ते औषध चालू ठेवून घ्यावे.