आवळा, कोहळा आणि आप्तांची भेट

‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही म्हण आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? थोडे द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात पुष्कळ पदरात पाडून घ्यावे, या व्यवहारचातुर्याला मराठी भाषेने दिलेले हे नाव आहे. नवल असे की, ज्या दोन फळांवर ही म्हण बेतली आहे, तीच दोन फळे आपल्या परसातून घरात येतात, साखरेच्या पाकात मुरतात आणि कार्तिकापासून संक्रांतीपर्यंत डब्यांत भरून लेकीबाळींकडे, दीर-नणंदांकडे, भावा-बहिणींकडे भेट म्हणून जातात. तेव्हा म्हणीतील प्रश्न या डब्यांपुरता तरी विचारून पाहणे अनाठायी होणार नाही. आप्तांना दिलेली भेट हे खरोखर देणे असते, की तोही आवळा देऊन कोहळा काढण्याचाच एक प्रकार असतो? आणि ती भेट घरच्या वेलाची व घरच्या हातची असली, तर उत्तरात काही फरक पडतो काय?

प्रथम वस्तूचाच विचार करू. पावसाच्या आरंभी परसात लावलेला कोहळ्याचा वेल मांडवावर, कुंपणावर, प्रसंगी कौलांवर चढतो आणि दिवाळीच्या सुमारास त्याची फळे पांढऱ्या भुकटीने माखून पक्व होतात. एकेक फळ चार-पाच शेरांचे सहज भरते. असे फळ एकट्याने खाऊन संपत नाही. ते चिरले की त्यास वाटेकरी लागतातच. ग्वाल्हेर-इंदूरकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांना आग्र्याचा पेठा परका नाही, आणि तो याच फळाचा होतो. घरी करावयाचा तर साल व बिया काढून फोडी कराव्या लागतात, त्यांना टोचे द्यावे लागतात, त्या काही तास चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवाव्या लागतात. चुन्यामुळे फोडी घट्ट राहतात, शिजताना विरघळत नाहीत. मग त्या चार-सहा पाण्यांनी स्वच्छ धुवाव्यात, पारदर्शक होईपर्यंत उकडाव्यात आणि जवळजवळ समभार साखरेच्या पाकात सोडाव्यात. कोहळ्याच्या शंभर भागांत नव्वदांहून अधिक भाग पाणीच असते. पाक ते पाणी हळूहळू ओढून घेतो आणि त्याच्या जागी साखर शिरते. म्हणून पाक दुसऱ्या दिवशी पुन्हा आटवावा लागतो, क्वचित तिसऱ्या दिवशीही. आवळ्याचेही असेच आहे. तो वाफवून, पाकळ्या सुट्या करून साखरेत दोन-तीन दिवस मुरवावा आणि मग उन्हात वाळवावा. येथे घाई चालत नाही. तीव्र आचेवर उरकलेला पाक वरून गोड दिसतो, परंतु फोड आतून कोरी राहते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परत उपकाराची अपेक्षा नाही अशास, योग्य स्थळी व योग्य काळी, केवळ देणे हे कर्तव्य आहे म्हणून दिलेले ते सात्त्विक दान. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून, मनाला क्लेश होत असता दिलेले ते राजस. आणि अवेळी, अपात्री, तुच्छतेने दिलेले ते तामस. ही कसोटी आपल्या डब्यांना लावली तर मन क्षणभर दचकते. कारण आप्त हा तर ठरलेला परतफेड करणारा. आज आपण वहिनींकडे पेठ्याचा डबा धाडला, तर महिन्याभरात त्यांच्याकडून लोणच्याची बरणी येणार, हे उभय पक्षी गृहीत असते. मग यात सात्त्विक ते काय राहिले?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भेटवस्तूंवरील निबंधात असे दाखविले की, अनेक मानवसमाजांत देणे, स्वीकारणे आणि परत देणे ही तिन्ही बंधनेच असतात. वरून स्वेच्छेची दिसणारी भेट आतून कर्तव्याने बांधलेली असते. आपणांस हे कळण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लग्नघरातील आहेराची वही पाहावी. कोणी काय दिले हे तीत लिहिलेले असते, आणि त्यांच्या घरच्या कार्याच्या वेळी ती वही उघडली जाते. परंतु त्याच समाजात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी वाण ‘लुटतात’. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जे लुटले त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे आणि हलवा ओततात व भोवतीची मुले ते वेचून पळतात. कोणाच्या मुठीत किती आले याचा हिशेब कोणती आई विचारते? म्हणजे आहेर लिहिला जातो आणि वाण लुटले जाते. आपल्या परंपरेला देण्याच्या या दोन्ही रीती ठाऊक आहेत. तेव्हा प्रश्न घेणारा आप्त आहे की परका, एवढाच नाही. आपण दिलेला डबा मनातल्या कोणत्या खात्यात गेला, वहीत की लुटीत, हा खरा प्रश्न आहे.

घरी केलेल्या वस्तूचे महत्त्व येथे दिसून येते. बाजारातून आणलेल्या मिठाईला किंमत असते. ती किंमत घेणाऱ्यास कळते आणि तेवढ्याच किमतीची वस्तू देऊन तो मोकळा होऊ शकतो. घरच्या वेलाच्या कोहळ्याला व तीन दिवसांच्या श्रमाला अशी किंमत लावता येत नाही. म्हणून ही भेट हिशेबाच्या बाहेर राहण्यास अधिक योग्य आहे. हा तिचा मोठा गुण होय. परंतु तोच तिचा धोकाही आहे, आणि तो आपण बहुधा बोलून दाखवीत नाही. जिची किंमत नाही तिची फेडही होऊ शकत नाही. “दोन दिवस चुलीपाशी उभी होते, तेव्हा कुठे हा पेठा झाला,” हे वाक्य डब्याबरोबर गेले की पेठ्याचे ऋण होते, आणि ते पैशाच्या ऋणाहून जड असते. नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असणारी धाकटी जाऊ हलवायाकडची पेटी घेऊन येते. तिच्या पेटीकडे आणि आपल्या डब्याकडे ज्या नजरेने आपण पाहतो, त्या एका नजरेत घरच्या मिठाईची सारी गोडी नाहीशी होऊ शकते. कष्टाने केलेली भेट जर दुसऱ्याच्या कमतरतेचे माप काढण्यासाठी वापरली गेली, तर तिच्यापेक्षा विकतची पेटी बरी. ती निदान निरुपद्रवी तरी असते.

यावर उपाय कोणता? माझ्या मते, ही भेट मुळात कोणाची आहे याचा प्रामाणिक विचार करणे हा पहिला उपाय. वेल आपण लावला खरा. परंतु कोहळ्याच्या वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात, आणि मधमाशीने पराग वाहून नेल्यावाचून एकही फळ धरत नाही. पाऊस आपण पाडला नाही, ऊन आपण दिले नाही. साखर ज्याच्या शेतातील उसाची, तो शेतकरी आपणांस ठाऊकही नाही. स्वतःपुरतेच शिजवून खाणारा पाप खातो, असा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील कठोर शब्दांचा आशय आहे. त्यामागे हाच विचार आहे की, पानात पडलेले अन्न पुष्कळांच्या देण्यातून आलेले असते. आपल्या घरी नव्या पदार्थाचा पहिला तुकडा देवापुढे ठेवण्याची जी चाल आहे, तिचा अर्थही हाच. नैवेद्य दाखविल्यावर तो पदार्थ आपला राहत नाही, प्रसाद होतो. आणि देवळात हातावर पडलेल्या प्रसादाची परतफेड करावी असे कोणाच्या मनात येत नाही, तसेच तो वाटणाराही ‘मी दिला’ असे मनात आणीत नाही.

परंतु आपले काहीच नाही, असे म्हणून ज्यांनी खरोखर श्रम केले त्यांना विसरणे हाही अन्याय आहे. कित्येक घरांत डबा जातो तो कुटुंबप्रमुखाच्या नावाने. आभाराचा फोन येतो तोही त्यांनाच. फोडी चिरताना ज्यांची बोटे चुन्याने फुटली, पाकाच्या तारेकडे पाहत ज्या उभ्या राहिल्या, त्यांचे नाव कोठेही येत नाही. देणाऱ्याने स्वतःचा अहंकार सोडावा हे खरे. पण दुसऱ्याच्या श्रमावर आपल्या औदार्याचा शिक्का मारून तो सोडता येत नाही. म्हणून ज्या घरात एक पाक ढवळतो आणि दुसरा पत्ता लिहितो, तेथे पत्ता लिहिणाऱ्याने आत चार शब्द घालावेत: हे अमुकीने केले आहे. मुलांना व पुरुषांना साल काढण्यास, फोडी धुण्यास बसविले तर अधिकच उत्तम. मग ‘आमच्याकडून’ हा शब्द खरा होईल.

दुसरा उपाय तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत सापडतो. गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला तेथे सांगितले आहे की, श्रद्धेने द्यावे, आणि पुढे, लाजून द्यावे, जाणून द्यावे. लाजून म्हणजे आपण फार मोठे काही दिले असे न वाटता. जाणून म्हणजे समोरच्याची स्थिती ओळखून. आज हे ‘जाणून देणे’ फार महत्त्वाचे झाले आहे. काकांना मधुमेह आहे हे माहीत असून केवळ रीत म्हणून पाकातली मिठाई पुढे करणे आणि वर “घरचीच आहे, घ्या हो थोडी” असा आग्रह करणे, यात प्रेमापेक्षा आपल्या हट्टाचा भाग अधिक असतो. घरची साखरही साखरच असते. त्यांच्याकडे त्याच वेलाचा एक कोवळा कोहळा भाजीसाठी पाठविला तर देणे कमी होत नाही, किंबहुना ते अधिक नेमके होते.

राहिला गीतेच्या कसोटीचा प्रश्न. आप्तांत देवघेव चालूच राहणार, आणि ती चालावी. पुण्या-मुंबईस, आणि आता परदेशीही पांगलेल्या आपल्या कुटुंबांना जोडणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या आहेत, त्यांत हे डबे आहेत. वहिनींची बरणी आली तर ती आनंदाने घ्यावी; आली नाही तर तिची वाट पाहू नये आणि पुढच्या वर्षी डबा लहान करू नये. आपले देणे वहीत लिहिले गेले होते की लुटले गेले होते, हे त्या पुढच्या वर्षीच्या डब्यावरून कळते. आणि जितके डबे आप्तांचे भरतील, त्यांत एक डबा असा असावा की जो ज्याच्या परसात वेल नाही आणि ज्याच्याकडून काही परत यावयाचे नाही, अशाच्या दारी जाईल. त्या एका डब्याने बाकीचे डबे भरताना हात कसा सैल सोडावा, याची सवय लागते. कोहळा मोठाच असतो. एवढे त्यातून सहज निघते.