मागचं चक्र

नवस फेडताना माणसानं थोडी सोय करून घेतली, तर तो फिटतो का? हा प्रश्न खरं म्हणजे एखाद्या शास्त्रीबुवांना विचारायचा. मला तो शुक्रवार पेठेतल्या सायकलच्या दुकानात, ग्रीसनं काळ्या झालेल्या बाकड्यावर बसल्या बसल्या पडला.

मुळात सोलापुरात राहून डोंगरात चालवायची सायकल घेणं हाच विनोद. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल. पण गेल्या वर्षी हिच्या ऑपरेशनच्या दिवशी, थिएटरबाहेरचा लाल दिवा बघत, मी मनातल्या मनात तुळजाभवानीला बोलून गेलो, "हिला सुखरूप बाहेर आण, सायकल मारत दर्शनाला येईन." माणूस घाबरला की उदार होतो. कोजागरीला इथून हजारो लोक तुळजापूरला पायी जातात. आपण सायकलवर पंचेचाळीसेक किलोमीटर गेलो तर स्वस्तात पडेल, असा हिशेब त्याही अवस्थेत मी केला असणार. हिशेबात बालाघाटचा डोंगर धरायचा राहिला.

ही सुखरूप बाहेर आली. मी घाटात सायकलवरून खाली आलो. ढकलत वर गेलो, दर्शन घेतलं आणि घरी "कसा झाला प्रवास?" याला "मस्त!" म्हणून मोकळा झालो.

तर यंदा पुन्हा जायचं, आणि मागच्या फ्रीव्हीलचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांऐवजी ३४ दात्यांचं घ्यायचं ठरवलं. नवं बसवायला दहा मिनिटं लागली, जुळवायला दुपार. चेन दोन कड्यांनी वाढवली. मग दोन इवलेसे स्क्रू. एक चेनला लहान चक्राच्या बाहेर पडू देत नाही, दुसरा मोठ्या चक्राच्या पलीकडे आऱ्यांत जाऊ देत नाही. शेवटी तारेचा ताण. मी मध्येच हात घातला तसे मिस्त्री म्हणाले, "मालक, पाव पाव आटा फिरवायचा. लोकं एकदम दोन आटे फिरवतेत, मग गिअर वाईट म्हणतेत."

तिथेच मन खायला लागलं. ही देवीशी लबाडी तर नव्हे? या शंकेत मी एकटा नाही. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं मत होतं की असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत. तरुणांनी स्नायूंवर जिंकावं. त्या शर्यतीत डिरेलर चालू लागला तो १९३७ साली. मी बावन्नचा. म्हणजे फ्रान्सकडून मला सात वर्षांपूर्वीच परवानगी होती. तुळजापूरचं काय?

मग मी हिशेब मांडला. २८ च्या जागी ३४ दाते म्हणजे त्याच चढाला जिथे शंभर वेळा पाय फिरवायचे, तिथे सुमारे १२१ वेळा. प्रत्येक वेळचा जोर तेवढ्याच प्रमाणात कमी. घाटाची उंची तीच, माझं वजन (दुर्दैवानं) तेच. गिअर फुकट काही देत नाही, मोठी नोट मोडून चिल्लर देतो. बॅटरीच्या सायकलीचं तसं नाही, तिथे पैसे दुसऱ्याचे. म्हणजे मोठं चक्र प्रामाणिक! मी खूश झालो.

पण हाच हिशेब पुढे नेला तर ढकलत नेलेली सायकलही माझ्याच पायांनी वर गेली होती. कष्टात कसूर कुठेच नव्हती. मग वर्षभर खुपतंय काय? खुपत होता तो एवढासा "मस्त!"

रात्री जेवताना सांगून टाकलं. नवसही, ढकलणंही. नवसाचं तिला ठाऊकच नव्हतं. ती बराच वेळ भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "नवस माझ्यासाठी होता ना? मग मला विचारायचं. लावा ते मोठं चक्र. तुमच्या गुडघ्यांसाठी नवस बोलायची वेळ माझ्यावर आणू नका."

कोजागरीला अजून आठ दिवस आहेत. जुनं फ्रीव्हील तिनं रॉकेलनं घासून घेतलं. सध्या ते गच्चीवर, गहू वाळत घातलेल्या चादरीच्या कोपऱ्यावर आहे. वारा सुटला तरी चादर हलत नाही.