वाटाघाटीतला वाटा

पगारवाढ मागायला साहेबांच्या केबिनमध्ये शिरणारा माणूस एक वाक्य मनात घोळवत असतो. 'घरभाडं वाढलंय, मुलांच्या फिया आहेत' हे एक, किंवा 'तीन वर्षांत माझ्या हातून एकही पीस रिजेक्ट झालेला नाही' हे दुसरं. पहिलं गरजेचं, दुसरं लायकीचं. दोन्ही खरी असतात, तरी म्हणताना जीभ अडखळते. गरज सांगताना पदर पसरल्यासारखं वाटतं. लायकी सांगताना शेजारच्या मशीनवरच्या माणसाला न बोलता कमी लेखावं लागतं.

खेड तालुक्यातल्या महाळुंगे इथे, बजाज ऑटोच्या चाकण प्रकल्पात, २०१३ साली कामगारांनी तिसरं वाक्य उच्चारलं. २५ जूनला संप सुरू झाला. विश्व कल्याण कामगार संघटनेची एक मागणी होती: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर, एक रुपया दराने. बाजारात त्या शेअरचा भाव तेव्हा हजाराच्या बराच वर होता. व्यवस्थापनाने मागणी साफ नाकारली आणि सुमारे ५० दिवसांनी, शेअर न मिळताच, कामगार कामावर परतले.

मागणी हरली, तिच्यातला प्रश्न मात्र उरला. पगार ही श्रमाची किंमत आहे, की जे निर्माण झालं त्यातला वाटा?

यावरचा आक्षेप वजनदार आहे. जोखीम भांडवल घालणारा घेतो. तोट्याच्या वर्षी कामगाराकडून कोणी पगार परत मागत नाही. खरं आहे. पण गुंतवणूकदार आपला पैसा दहा कंपन्यांत विभागू शकतो. कामगाराला आपली कंबर, गुडघे आणि उमेदीची वर्षं एकाच लाइनवर लावावी लागतात. मंदी आली की तीही बुडतात. ही जोखीम कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, इतकंच.

वाट्याची कल्पना आपल्याला नवी नाही. बलुतेदाराला पिकातून वाटाच मिळे. पण तो किती आणि किती मानाने, हे जात ठरवी; घासाघीस करण्याची सोय नव्हती. म्हणजे नुसता वाटा न्याय्य ठरत नाही. 'एवढ्याने भागणार नाही' असं म्हणण्याचा हक्क सोबत नसेल, तर त्याची भीक व्हायला वेळ लागत नाही.

आणि इथेच हे तिसरं वाक्य मागणाऱ्यावरही उलटतं. या पट्ट्यात वेतनकरार होतात ते सहसा कायम कामगारांचे. तेच बोल्ट आवळणारे कंत्राटी आणि शिकाऊ कामगार त्या टेबलापाशी नसतात. गरज किंवा लायकी सांगणारा फक्त स्वतःपुरतं बोलू शकतो. पण 'हे आम्ही मिळून घडवलंय' म्हणणाऱ्याला, 'आम्ही' म्हणजे कोण, हे सांगावंच लागतं. साहेबांनी विचारलं नाही, तरी शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर कंत्राटदाराच्या गाडीची वाट बघणारा पोरगा ते विचारतोच.